आत्याने काढून ठेवलेला शेवट

माझी आत्या पुस्तकं बांधते. हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे गठ्ठे?" आणि मला राग येतो. गठ्ठे नाही हो, बाइंडिंग! वाचनालयात नवं पुस्तक आलं की त्याचं नाजूक कव्हर चार हातांत टिकत नाही, म्हणून ते आधी आत्याकडे येतं. ती ते निर्दयपणे उसवते, फर्मे सुटे करते, दाभण आणि दोऱ्याने पुन्हा शिवते, खळ लावते, पुठ्ठा आणि कापड चढवते आणि लोखंडी चाकाच्या प्रेसखाली दाबून ठेवते. फर्मा म्हणजे छापखान्यातून घडी होऊन आलेला पानांचा जुडगा. असे फर्मे एकापाठोपाठ एक शिवले की पुस्तक होतं. एखादा राहिला तर पुस्तक मधेच लंगडतं, आणि ज्याच्या हातून तो राहिला त्याला पुन्हा कोणी काम देत नाही.

आत्याच्या हातून आजवर फर्मा राहिला नव्हता. त्याचा तिला फार तोरा.

मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते आणि आत्याकडे राहते. मागची खोली तिच्या कामाची. तिथे खळीचा वास असतो, आणि तिची बोटं कायम चिकट असल्यामुळे ती सगळी दारं कोपराने उघडते. उसवलेल्या पुस्तकाचे फर्मे टेबलावर पसरलेले असतात आणि हाताला येईल तो ती वाचते. त्यामुळे कित्येक कादंबऱ्यांत तिला खून आधी कळतो आणि तो माणूस जिवंत नंतर भेटतो. वाचता वाचता ती आतल्या लोकांशी भांडते. "अगं बये, त्याचं काय ऐकतेस!" असा आवाज मागच्या खोलीतून आला की समजायचं, कुठलीतरी नायिका घोळ घालतेय.

अशा बाईने एक दिवस स्वतःच लिहायला घेतलं यात मला तरी नवल वाटलं नाही. पुस्तकांच्या कडा कापल्यावर कागदाच्या लांब पट्ट्या उरतात, त्यांवर ती लिहायची. नंतर सगळं नीट उतरवून काढलं, टोपणनाव घेतलं आणि दूरच्या एका शहरातल्या प्रकाशकाला पाठवून दिलं. आणि त्याने ते घेतलं! मी घरभर नाचले. आत्या म्हणाली, "नाच, पण बाहेर बोलशील तर याद राख. लोक मला तोंडावर बरं म्हणतील. मला खरं ऐकायचंय."

कादंबरीचं नाव 'कोऱ्या पानाचा सूड'. एका मुलीच्या वडिलांची कादंबरी एक बडा प्रकाशक स्वतःच्या नावावर छापतो, वडील त्या धक्क्याने जातात, आणि मुलगी खोटं नाव घेऊन त्याच प्रकाशनात प्रूफं तपासायला लागते. त्याला बुडवायचंच, एवढं ठरवून. पण प्रकाशकाचा मुलगा तिच्या प्रेमात पडतो, ती त्याच्या प्रेमात पडते, आणि तिच्या टेबलावरच्या प्रूफांत तिने न लिहिलेली वाक्यं उमटायला लागतात. 'तू कोण आहेस ते मला माहीत आहे.' शेवटी कळतं की ती वाक्यं त्या मुलाचीच. त्याला बापाची चोरी पहिल्यापासून माहीत होती आणि तो गप्प होता. ती सूड पुरा करते, वडिलांचं नाव पुस्तकावर परत आणते, आणि मग तो तिच्या दारात येतो. ती विचारते, "बोलला का नाहीस?" त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तिने दार लावून घेतलं. संपलं.

म्हणजे आत्याने तिथे संपवलं होतं. छापून आलेल्या प्रती उघडल्या तर मागे आणखी एक अख्खा फर्मा! दार पुन्हा उघडलेलं. मुलगा म्हणतो मी पुरावे गोळा करत होतो, म्हातारा प्रकाशक हात जोडून रडतो, लग्न होतं, आणि शेवटच्या पानावर पाळण्यात जुळी. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन लावला तर प्रकाशक गोड आवाजात म्हणाला, "बाई, वाचकाला शेवट गोड लागतो. आम्ही आमच्या माणसाकडून लिहून घेतला. तुमचा शेवट बरा म्हणणारा एक तरी वाचक दाखवा, दुसऱ्या आवृत्तीत तुमचाच छापतो."

एक वाचक! आणि थोड्याच दिवसांत आमच्या वाचनालयाने नव्या पुस्तकांची थप्पी बाइंडिंगला पाठवली, त्यात हीच कादंबरी. मी दारात उभी होते. आत्याने ती उसवली, सगळे फर्मे ओळीने लावले, शेवटचा उचलला, दोन्ही हातांत धरून पाहिला आणि शिवायचा सोडून खणात ठेवून दिला.

"आत्या! अगं कोणाला कळलं तर तुझं काम जाईल."

"जाईल तर जाईल," ती म्हणाली. "एक वाचक मागितलाय ना त्याने? मला बघू दे."

आमच्या वाचनालयाचा एक नियम आहे, आणि तो पाळायला लावणारी बाई आहे. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, म्हणून सगळे तिला एक्स्चेंजताई म्हणतात. पुस्तक परत केलं की आधी मत सांगायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मग दुसरं पुस्तक मिळणार. नुसतं 'छान आहे' चालत नाही. "छान तर चहालाही म्हणतात," ती सुनावते. "काय छान, कुठे छान, ते बोला. लाइन चालू आहे."

त्यामुळे आत्या रोज संध्याकाळी वाचनालयातल्या बाकावर जाऊन बसायला लागली. हातात कुठलंसं जुनं मासिक, कान टेबलाकडे. मी दुकानातून सुटले की धावत जाऊन तिच्या शेजारी बसायची. काय दिवस होते ते!

पहिलं मत टेलरमामांचं. ते पुस्तक टेबलावर आपटत म्हणाले, "ताई, धंदा बुडवलात माझा! ती प्रूफात पहिलं वाक्य वाचते ना, तिथे माझं मशीन थांबलं ते थांबलंच. गिऱ्हाईक समोर उभं, आणि मी म्हणतोय, उद्या या, इथे एकीचा जीव टांगणीला लागलाय."

"कोणाचा संशय आला?" एक्स्चेंजताईंनी विचारलं.

"प्रकाशनातल्या त्या हिशेबनिसाचा! शेवटपर्यंत. पोराचा आलाच नाही. लबाड लेकाचा."

आत्याने माझी मांडी एवढ्या जोरात दाबली की वळ उठला.

दुसरं मत दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. त्या मोजकं बोलतात आणि टोचतं तिथेच बोलतात. "प्रेम खरं वाटलं. दोघं एका प्रूफावर डोकी घालून बसतात आणि बोलत काहीच नाहीत, ते फार आवडलं. पण गोदामातला प्रसंग ताणलाय. अर्ध्यावर कापायला हवा होता. शेवट मात्र... मी पुस्तक मिटलं आणि पेशंटला आत बोलवायचं विसरले."

घरी आल्यावर आत्या खळीचा ब्रश आपटत होती. "ताणलाय म्हणे! गोदाम मोठं होतं, वेळ लागणारच!" जेवण होईपर्यंत धुसफुस चालली. मग ती उठून आपली प्रत घेऊन आली, गोदामाचा प्रसंग वाचला आणि पडक्या चेहऱ्याने म्हणाली, "ताणलाय गं."

आणि ड्रिलमास्तर! शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, आवाज अजून मैदानावरचा. त्यांना प्रेमाचं वावडं. पण सूड त्यांना भलता भावला. "असा पाहिजे सूड! घाई नाही, गोंधळ नाही, एकेक पाऊल मोजून. आणि शेवटी दार! शाब्बास! मी घरी उभं राहून टाळ्या वाजवल्या." यावर टेलरमामा म्हणाले की दार लावलं ते बरोबर, पण पोराला एक वाक्य तरी बोलू द्यायला हवं होतं. मास्तर म्हणाले, गप्प बसणाऱ्याने गप्पच बसावं. दोघं हातघाईवर यायची वेळ आली. नंबर लावून बसलेले वाचक ओरडायला लागले की शेवट सांगू नका, आम्ही अजून वाचलं नाही!

आत्या बाकावर बसून डोळे पुसत होती. मासिकातली भरतकामाची पानं वाचून कोणी रडत नाही, पण तिच्याकडे बघायला कोणाला वेळ होता?

"झालं की," मी घरी म्हणाले. "एक मागितला होता, तुझ्याकडे रांग लागलीय. कर फोन."

"आणि काय सांगू? मी फर्मा चोरला म्हणून त्यांना आवडलं?" ती म्हणाली. "त्यांनी दुसरा शेवट पाहिलेलाच नाही. हे मत धरता येत नाही."

नेमका त्याच आठवड्यात प्रकाशकाचा फोन आला. पहिली आवृत्ती संपली, दुसरी शनिवारी छपाईला जाणार, जुळ्यांसकट. आत्या 'बरं' म्हणाली आणि फोन ठेवून मागच्या खोलीत जाऊन बसली. त्या दिवशी तिथून कोणाशी भांडल्याचा आवाज आला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी वाचनालय भरलेलं होतं. ड्रिलमास्तर आपल्या सुनेला पहिल्यांदाच घेऊन आले होते. नवीन लग्न होऊन आलेली, हसरी, बोलकी पोरगी. टेबलावर कादंबरी दिसताच ती आनंदाने म्हणाली, "अय्या, ही मी माहेरी विकत घेऊन वाचलीय! किती सुंदर! आणि ती जुळी किती गोड, नाही?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"कुठली जुळी?" मास्तरांनी विचारलं.

"अहो बाबा, त्यांची! लग्नानंतरची!"

"कोणाचं लग्न?" टेलरमामांचा आवाज चिरकला.

मग जो गलका उडाला! मास्तर म्हणाले मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंय, लग्नबिग्न काही नाही. सूनबाई रडवेली होऊन म्हणाली, बाबा, मी कशाला खोटं सांगेन. डॉक्टरीणबाईंनी मात्र काही न बोलता पुस्तक उचललं, शेवटचं पान उघडलं, शिवणीतल्या हातशिलाईच्या दोऱ्यावर बोट ठेवलं आणि एक्स्चेंजताईंसमोर धरलं. एक्स्चेंजताईंनी चष्मा लावला. मग त्यांनी बाकाकडे पाहिलं, आणि त्यांच्या पाठोपाठ सगळ्यांनी.

"तुझ्या हातचं पुस्तक आहे," एक्स्चेंजताई हळू आवाजात म्हणाल्या. "फर्मा राहिला का गं?"

टेलरमामा आत्याची बाजू घ्यायला गेले. "होतं हो कधीतरी. मी एकदा शर्टाला एकच बाही लावून दिली होती." पण एक्स्चेंजताई ऐकत नव्हत्या. "राहिला असेल तर मला मागची सगळी कपाटं तपासावी लागतील. आणि पुढचं काम दुसरीकडे द्यावं लागेल. मला आवडणार नाही ते, पण द्यावं लागेल."

मी आत्याकडे पाहिलं. 'चुकून राहिला' म्हणाली तर बाइंडर म्हणून तिचं नाव जाणार. खरं बोलली तर इतके दिवस लपवलेलं सगळं उघडं पडणार, वर चोरी केली हेही. आत्या उभी राहिली. मासिक तिने बाकावर नीट ठेवलं.

"चुकून नाही राहिला," ती म्हणाली. "मी काढला."

"का?"

"कारण तो मी लिहिलेला नाही." आणि मग, खाली बघत, "बाकीचं मी लिहिलंय."

आधी तोंड फुटलं टेलरमामांना. "तुम्ही? ही कादंबरी? हे सगळं? आणि रोज इथे बसून आमच्याकडून मतं काढून घेत होतात?" आणि ते एवढ्या मोठ्याने हसले की बाहेरच्या रस्त्यावरून दोघंजण डोकावून गेले. मास्तर ताडकन उभे राहून सावधान झाले. डॉक्टरीणबाई पुटपुटल्या, "गोदामाबद्दल मी जरा..." आत्या म्हणाली, "ताणलाच होता."

मी आनंदाने टाळ्या पिटणार, तेवढ्यात एक्स्चेंजताईंनी हात वर केला. त्या हसत नव्हत्या.

"त्याने तुला न विचारता पानं घातली. तू आम्हाला न विचारता काढलीस. मग तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला?"

आत्याचा चेहरा पांढरा पडला. ती वाद घालेल असं मला वाटलं, भांडणात ती कोणाला हार जात नाही. पण ती म्हणाली, "काही नाही राहिला. चुकलंच माझं." आणि माझ्याकडे वळून, "जा, खणातून घेऊन ये."

मी कशी धावले मला आठवत नाही. एक चप्पल वाटेत राहिली ती परत येताना सापडली. फर्मा जसाच्या तसा होता, एकही पान दुमडलेलं नाही. नको असलेलं पानही तिला टाकवलं नव्हतं.

सूनबाईने तो मोठ्याने वाचला. छान वाचते ती. दार उघडलं, मुलाने खुलासा केला, म्हातारा रडला, लग्न झालं. टेलरमामांनी जुळ्यांपाशी नाक ओढलं. वाचून झाल्यावर एक्स्चेंजताई म्हणाल्या, "आता मतं. पण मला नाही." त्यांनी फोन पुढे ओढला. "कुठे राहतो हा तुझा प्रकाशक? नंबर सांग. एक वाचक मागितला होता ना? थांब, जोडून देते."

स्पीकरचं बटण दाबलं गेलं. पलीकडून गोड आवाज आला. एक्स्चेंजताईंनी वाचनालयाचं नाव सांगितलं, प्रकरण सांगितलं आणि म्हणाल्या, "लाइन धरून ठेवा. बोला मास्तर."

"तुमचं शेवटचं प्रकरण म्हणजे विसर्जन झालेल्या कवायतीला पुन्हा रांगेत उभं करणं आहे!" मास्तर गरजले. "ती मुलगी इतकी चालून जिथे पोचली, तिथून तुम्ही तिला हाताला धरून मागे आणलंत!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुलगा गप्प का बसला हा प्रश्न मला आठवडाभर छळत होता. तुम्ही अर्ध्या पानात उत्तर देऊन टाकलंत. दात दुखत असताना उपटायची घाई केलीत." टेलरमामा म्हणाले, "जुळ्यांना बघून मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण ते रडू घरी जाईपर्यंत टिकायचं नाही, आणि ते दार मला अजून स्वप्नात दिसतं."

प्रकाशक मधे मधे "हो, पण" म्हणत होता. एक्स्चेंजताई प्रत्येक वेळी, "लाइन व्यस्त आहे."

मग सूनबाईची पाळी. ती सासऱ्यांकडे बघून कचरली. मास्तर म्हणाले, "तुझं जे असेल ते सांग. मला घाबरून मत बदललंस तर चिडेन."

"मला तुमचा शेवट आवडला होता," ती फोनला म्हणाली. आत्याने मान खाली घातली. "अजूनही आवडतो. पण दुसरा होता हे मला कोणी सांगितलंच नाही. मी पैसे देऊन पुस्तक घेतलं आणि लिहिणाऱ्या बाईंनी जे लिहिलं तेच मला मिळालं नाही. याचा मला राग आलाय."

मी त्या अनोळखी पोरीला मिठीच मारली.

"एक मत राहिलं," एक्स्चेंजताई म्हणाल्या आणि आत्याकडे रिसीव्हर धरला. "तू हे पुस्तक नेलंस, परत केलंस, पण मत कधी दिलं नाहीस. नियम सगळ्यांना सारखा."

आत्याने रिसीव्हर घेतला तसा स्पीकर बंद झाला. खळीने चिकट झालेली ती बोटं मी इतकी घट्ट आवळलेली कधी पाहिली नव्हती.

"मी बोलतेय," ती म्हणाली. "लेखिका. आणि इथली बाइंडर पण मीच. गोदामाचा प्रसंग मी कापून देते, तो ताणलाय. शेवट मात्र माझा छापायचा. तसा छापायचा नसेल तर दुसरी आवृत्ती काढू नका. माझी परवानगी नाही."

पलीकडून "अहो, पण" एवढं मला ऐकू आलं. आणि आत्याने फोन ठेवून दिला.

लगेच घंटी वाजली. ज्या बाईने उभ्या आयुष्यात फोन वाजत ठेवला नसेल, ती एक्स्चेंजताई हाताची घडी घालून बसून राहिली. घंटी वाजत होती. मास्तर बघत होते, टेलरमामा बघत होते, सूनबाईने माझा हात धरला होता. बऱ्याच वेळाने ताईंनी रिसीव्हर उचलला, ऐकलं आणि तो तळहाताने झाकून आत्याकडे पाहिलं.

"विचारतोय, उद्या छापखान्यात निरोप द्यायचाय. पुस्तक संपवायचं कुठे?"

आत्या हसली. मग रडली. मग टेबलावरचा तो काढून ठेवलेला फर्मा उचलून तिने सूनबाईच्या हातात दिला.

"हा तुला," ती म्हणाली. आणि फोनकडे वळून, "त्याला सांगा, दार लावलं तिथे."